बर्फावरचा गुन्हा : मार्टी मॅकसॉर्लीचा खटला

हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मैदान येतं. आजची हॉकी मात्र बर्फावरची आहे, उत्तर अमेरिकेतली. पायात स्केट्स, हातात लांब स्टिक आणि चेंडूऐवजी रबराची चपटी चकती. तिला 'पक' म्हणतात. तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, एक विचित्र रीत आहे. दोन खेळाडूंनी हातमोजे टाकून ठोसाठोशी केली तर पंच त्यांना पाच मिनिटं बाहेर बसवतात. पाच मिनिटांनी दोघंही पुन्हा खेळायला मोकळे. हेच रस्त्यावर झालं तर पोलीस येतील. मग बर्फावर का येत नाहीत? या प्रश्नाचा इतिहास आज आपण एका खेळाडूच्या निमित्ताने पाहणार आहोत.

या खेळाडूचं नाव मार्टी मॅकसॉर्ली. जन्म 1963, कॅनडाचा ओंटारियो प्रांत. एनएचएलमध्ये तो 961 सामने खेळला. गोल किती केले? 108. आणि शिक्षा म्हणून बाहेर बसला किती मिनिटं? 3,381. या दोन आकड्यांतच त्याची नोकरी काय होती ते कळतं. अशा खेळाडूला 'एन्फोर्सर' म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर संघाचा दादा. आपल्या चांगल्या खेळाडूला कुणी धक्का दिला, तर त्याला धडा शिकवायचा हे याचं काम. एडमंटन संघात वेन ग्रेट्झ्की होता, या खेळातला सर्वांत मोठा खेळाडू. तिथे मॅकसॉर्लीने 1987 आणि 1988 साली स्टॅनली कप जिंकला. 1988 च्या ऑगस्टमध्ये ग्रेट्झ्की लॉस एंजेलिसला गेला, तेव्हा त्याच सौद्यात मॅकसॉर्लीही गेला. राजा गेला, त्याच्याबरोबर अंगरक्षकही गेला.

या माणसाची स्टिक दोनदा गाजली. पहिल्यांदा 1993 च्या अंतिम फेरीत. लॉस एंजेलिसने पहिला सामना जिंकला होता. दुसऱ्यातही 2–1 अशी आघाडी होती, पावणेदोन मिनिटं उरली होती. मॉन्ट्रियलच्या प्रशिक्षकाने पंचांना सांगितलं, मॅकसॉर्लीची स्टिक मोजा. पात्याचा बाक अर्ध्या इंचाहून जास्त निघाला. शिक्षा झाली, मॉन्ट्रियलने बरोबरी केली, जादा वेळेत सामना जिंकला आणि पुढे कपही नेला. म्हणजे बघा, स्टिकचा बाक मोजणारा नियम खेळाकडे होता. स्टिकने माणसाला मारलं तर ते कसं मोजायचं, हे मात्र धूसरच होतं.

न्यायालयं तिथे पूर्वी कधी गेलीच नव्हती असं नाही. 1907 साली ओंटारियोतल्या कॉर्नवॉलमध्ये ओवेन मॅकोर्ट नावाचा खेळाडू सामन्यातल्या मारामारीनंतर दगावला. खटला उभा राहिला. पण नेमका कोणाचा घाव जिवावर बेतला हे सिद्ध होईना, आरोपी सुटला. 1969 मध्ये ऑटावात सरावाच्या सामन्यात टेड ग्रीन आणि वेन मॅकी एकमेकांवर स्टिक घेऊन धावले, ग्रीनची कवटी फुटली. दोघांवरही खटले झाले, दोघंही निर्दोष. 1988 मध्ये डिनो चिचरेली याने प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावर स्टिक हाणली. त्याला एक दिवसाची कैद आणि 1,000 डॉलर दंड झाला. या सगळ्यामागे एक युक्तिवाद होता : खेळायला उतरला म्हणजे मार खायला संमती दिली. प्रश्न एवढाच, की ती संमती कुठवर?

आता 21 फेब्रुवारी 2000 च्या रात्रीकडे या. स्थळ व्हँकूव्हर. मॅकसॉर्ली आता बॉस्टन ब्रुइन्स संघात आहे, वय 36. समोर डॉनल्ड ब्रशीर, हादेखील एन्फोर्सरच. सुरुवातीलाच दोघांत ठोसाठोशी झाली. ब्रशीर वरचढ ठरला आणि त्याने बॉस्टनच्या बाकाकडे पाहून हात झटकून दाखवले. पुढे तो बॉस्टनच्या गोलरक्षकावर पडला आणि गोलरक्षक जायबंदी झाला. मॅकसॉर्लीने पुन्हा भांडण उकरायचा प्रयत्न केला. ब्रशीर तयार होईना.

शेवटचे काही क्षण उरले. व्हँकूव्हर 5–2 असं पुढे, निकाल ठरल्यात जमा. अशा वेळी मॅकसॉर्लीला पुन्हा बर्फावर पाठवण्यात आलं. ब्रशीर पुढे चालला होता. मॅकसॉर्लीने मागून येऊन स्टिक फिरवली, ती उजव्या कानशिलावर बसली. ब्रशीर मागे कोसळला, हेल्मेट निघालं, डोकं बर्फावर आपटलं आणि त्याला झटके येऊ लागले. हे सगळं दूरचित्रवाणीवर लोकांनी पाहिलं.

लीगने त्याला उरलेल्या हंगामासाठी बाहेर ठेवलं. एरवी प्रकरण इथेच मिटलं असतं. पण या वेळी ब्रिटिश कोलंबियाच्या सरकारी वकिलांनी गुन्हा दाखल केला : हत्याराने हल्ला. हत्यार कोणतं? खेळाचीच स्टिक.

मॅकसॉर्लीचा बचाव असा, की मी खांद्यावर टोला मारून त्याला भांडायला बोलावत होतो, स्टिक निसटून वर गेली. न्यायाधीश विल्यम किचन यांना हे पटलं नाही. लहान मुलाचा नेम चुकणार नाही, तिथे इतक्या वर्षांच्या व्यावसायिक खेळाडूचा कसा चुकेल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. आणि असा घाव खेळाच्या लेखी नियमांत बसत नाही, खेळाडूंच्या अलिखित नियमांतही बसत नाही. म्हणून इथे संमतीचा प्रश्नच येत नाही. 6 ऑक्टोबर 2000 रोजी मॅकसॉर्ली दोषी ठरला.

आणि शिक्षा? तुरुंग नाही. 18 महिन्यांची सशर्त मुक्तता. अट अशी, की तेवढ्या काळात ब्रशीर समोर असेल त्या सामन्यात खेळायचं नाही. कॅनडाच्या कायद्यात अशी मुक्तता मिळालेला माणूस दोषी ठरूनही 'दोषसिद्ध' मानला जात नाही. कायद्याने इतका हलका हात ठेवला. पण लीगने बंदी वाढवून 21 फेब्रुवारी 2001 पर्यंत नेली. बंदी उठली तेव्हा मॅकसॉर्ली 37 वर्षांचा होता. एनएचएलमध्ये तो पुन्हा कधीच खेळला नाही. ब्रशीर मात्र त्याच हंगामात परतला आणि पुढे दहा वर्षं खेळला, तेही एन्फोर्सर म्हणूनच.

माझं मत सांगतो. निकाल योग्य होता. बर्फावर पाऊल ठेवलं म्हणून माणूस कायद्याबाहेर जात नाही, हे कुणीतरी सांगायलाच हवं होतं. पण 17 हंगाम ज्याला मारामारीसाठी पगार दिला, त्याच्याविषयी फक्त 'हा माणूस चुकला' एवढं म्हणून थांबता येत नाही. हरलेल्या सामन्याच्या शेवटच्या काही सेकंदांत संघाचा दादा बर्फावर कशासाठी पाठवतात? गोल करायला नक्कीच नाही. आरोपीच्या पिंजऱ्यात मात्र एकटा मॅकसॉर्ली होता. पाठवणारे नव्हते, आणि मारामारी सुरू झाली की जागेवर उभं राहून टाळ्या वाजवणारे प्रेक्षकही नव्हते.

चार वर्षांनी, 8 मार्च 2004 रोजी, व्हँकूव्हरच्या त्याच बर्फावर टॉड बर्टुझ्झीने स्टीव्ह मूरवर मागून हल्ला केला. मूरच्या मानेची हाडं मोडली. पुन्हा गुन्हा, पुन्हा सशर्त मुक्तता. या वेळी कारकीर्द संपली ती मार खाणाऱ्याची. मारणारा पुढे अनेक वर्षं खेळला. ठोसाठोशीची शिक्षा तेव्हाही पाच मिनिटंच होती.

इथे थांबतो. तुमचे प्रश्न असतील तर जरूर विचारा.