फणेरपेटी आणि धोकटी

ऐतिहासिक नाटक बसवताना शालूचा काठ, पगडीचा घाट आणि नथीतले मोती यांवर जेवढा खल होतो, त्याच्या शतांशानेही तो वेणीफणीच्या सामानावर होत नाही. पडदा वर जातो आणि नानासाहेबांच्या काळातली गृहिणी प्लास्टिकच्या कंगव्याने केस विंचरू लागते. प्रेक्षक हसत नाहीत, कारण त्यांच्याही ते लक्षात येत नाही. आम्हाला मात्र ही गोष्ट किरकोळ वाटत नाही. वस्त्र आणि अलंकार चारचौघांत मिरवण्यासाठी असतात. फणी, काजळाची डबी, वस्तरा ही साधने माणूस आपल्या देहाशी काय करत होता हे सांगतात, आणि कधीकधी त्याच्या देहाशी इतरांनी काय केले तेही. मराठी रंगभूमीवर व पडद्यावर पेशवाईपासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंतचा काळ पुन:पुन्हा येतो, तेव्हा त्या काळापुरतेच येथे बोलू.

त्या काळच्या सुखवस्तू घरात स्त्रीच्या प्रसाधनाचे सारे साहित्य एका लाकडी पेटीत मावत असे. तिचे नाव फणेरपेटी. झाकणाच्या आतल्या बाजूस आरसा, खाली लहान लहान कप्पे, एखादा खण. झाकण उघडून तिरके उभे केले की समोर बसणारीला आपला चेहरा दिसे. कप्प्यांत फणी, मेणाची डबी, कुंकवाचा करंडा, काजळाची डबी. पेटी जमिनीवर ठेवलेली आणि स्त्री तिच्यापुढे मांडी घालून किंवा एक गुडघा उभा करून बसलेली. दिग्दर्शकाने एवढे जरी ध्यानात घेतले तरी नटीची सारी देहबोली बदलेल. स्टुलावर बसून उभ्या आरशात स्वत:ला न्याहाळणारी स्त्री ही वेगळ्या घरातली, वेगळ्या काळातली स्त्री आहे. तिची मान वेगळी वळते.

फणी लाकडाची, शिंगाची, श्रीमंताघरी हस्तिदंताची. तिला दोन्ही बाजूंनी दात असत, एकीकडचे विरळ, दुसरीकडचे दाट. दाट दातांचे काम उवा-लिखा काढण्याचे होते, हे ऐतिहासिक कादंबरीकारांना फारसे रुचत नसावे. त्यांच्या नायिकांच्या मस्तकी केवडाच काय तो वास करतो. कुंकू लावण्याचा विधी तर रंगमंचासाठीच जन्मलेला आहे. आधी बोटाने कपाळावर मेण लावायचे, मग त्यावर कोरडे कुंकू हलक्या हाताने दाबून बसवायचे, सांडलेली पूड नाकावरून टिपायची. या चार हालचालींत एखादी समर्थ नटी अख्खा प्रवेश उभा करू शकेल. चिकटवायची टिकली हे सारे एका क्षणात संपवते. टिकलीवर आमचा आक्षेप आहे तो यासाठीच.

आरशाविषयी थोडे तांत्रिक. काचेच्या पाठीवर चांदीचा थर चढवण्याची रासायनिक रीत लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३५ साली दाखवली. त्याआधीच्या काचेच्या आरशांना पाठीमागे कथील व पारा यांचा लेप असे. त्यातले प्रतिबिंब किंचित करडे दिसते आणि काळाने लेपावर ठिपके पडतात. शनिवारवाड्यातल्या प्रवेशात लखलखीत आरसा आला की तो आपले वय स्वत:च सांगतो. सेल्युलॉइडच्या फण्या १८७० नंतरच्या, सुटी पाती बसवण्याचा जिलेटचा वस्तरा १९०३ साली विक्रीला आलेला, नायलॉन १९३८ साली जाहीर झालेले. गंगावन ही वस्तू जुनी. नायलॉनचे गंगावन मात्र नव्हे. एवढ्या चार सनावळ्या सामानप्रमुखाने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवाव्यात.

पण सनावळी पाळूनही अडचण उरतेच, आणि ती दातांपाशी उरते. दातवण या शब्दाचा आज आपण दात घासण्याची पूड एवढाच अर्थ करतो. जुन्या व्यवहारात स्त्रिया दात काळे करण्यासाठी जी पूड लावीत तीही दातवणच. काळे दात हे त्या काळी सौंदर्याचे आणि सवाष्णपणाचे लक्षण मानले जाई. आता पेशवाईतल्या रूपवतीचे दात काळे दाखवण्याची छाती कोणत्या निर्मात्याला होईल? आमच्या मते होऊ नये असे नाही. पण प्रेक्षकाला तिचे सौंदर्य दिसणे हे तिचे दात खरे दिसण्यापेक्षा नाट्याला अधिक आवश्यक असेल, तर तडजोड समजून उमजून करावी. अज्ञानाने झालेली तडजोड आणि जाणून केलेली तडजोड यांत प्रयोगाच्या पोताचा फरक पडतो.

नमुने शोधायचे कुठे? पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाकडे प्रत्येकजण बोट दाखवतो आणि ते योग्यच आहे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास संग्रहाला आरंभ केला आणि राजे-सरदारांच्या शस्त्रांइतकेच प्रेम अडकित्ते, दिवे, फण्या यांवर केले. तिथल्या वज्री अवश्य पाहाव्यात. टाच घासण्याचे ते पितळी साधन. खाली खरखरीत तळ आणि वर मुठीच्या जागी पक्षी, प्राणी किंवा मानवाकृती. पण संग्रहालयात टिकते ते देखणे. ज्या फणीचे दात मोडले ती चुलीत गेली, साधी वज्री मोडीत गेली. केवळ संग्रहालय पाहून घर सजवले तर प्रत्येक कारकुनाच्या माजघरात सरदारी नांदू लागते. राजा रविवर्म्याच्या चित्रांबाबतही हेच सावधपण हवे. त्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि त्या चित्रांनी आपल्या डोळ्यांना ‘जुने’ म्हणजे काय ते शिकवले. तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा डोळा आहे. पानिपताच्या काळचा नव्हे. साहित्याच्या विद्यार्थ्याला आमची शिफारस मोल्सवर्थच्या कोशाची राहील. १८३१ सालचा हा कोश, १८५७ ची त्याची दुसरी आवृत्ती, नाटकाच्या सामानाची यादी म्हणूनही वाचता येतो.

त्याच कोशात धोकटी भेटते. धोकटी म्हणजे न्हाव्याची चामडी पिशवी. तीत वस्तरा, त्याला धार लावण्याचा पट्टा, कात्री, नखे काढण्याची नराणी, चिमटा, पाण्याची वाटी, एखादा आरसा. साबण नाही, केस पाण्याने भिजवून, चोळून मऊ करायचे. ‘बिनपाण्याने हजामत’ हा वाक्प्रचार याचा पुरावा आहे, त्यात साबणाचा उल्लेखही नाही. पेशवाईतल्या पुरुषाचे डोके, घेरा आणि शेंडी राखायची तर ठरावीक दिवसांनी ही धोकटी दारात यायलाच हवी. तरीही मराठी नाटकात ती क्वचित दिसते, आणि दिसली तर विनोदासाठी.

याच धोकटीतला वस्तरा ब्राह्मण व काही इतर वरिष्ठ जातींतल्या विधवेच्या माथ्यावरही चाले. नवरा गेला की फणेरपेटी मिटे आणि धोकटी उघडे. एकाच घरातल्या या दोन वस्तू. आपण मात्र पहिलीच रंगमंचावर आणतो. ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही हरिभाऊ आपट्यांची कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’मधून क्रमश: आली. तिच्यातल्या यमूचे केशवपन सक्तीने होते, आणि त्या प्रसंगाने मराठी वाचक हादरला. वस्तरा धरणारा हात कोणाचा, याचा विचार मात्र समीक्षेने फारसा केला नाही. त्याच १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांचे केशवपन यापुढे आपण करणार नाही, असा त्यांनी निर्धार केला. बलुतेदाराने आपल्याच हत्याराविषयी घेतलेला हा निर्णय होता. पार्वतीबाई आठवले यांनी ‘माझी कहाणी’मध्ये आपल्या वैधव्याविषयी लिहिले, त्यांनी पुढे केशवपन सोडून केस वाढवले, त्यासाठी टीकाही सोसली.

म्हणून आपट्यांच्या काळातले घर उभे करणाऱ्याने सामानाच्या यादीत धोकटी लिहावी, आणि ती हाती देण्यासाठी बिनसंवादाचा का होईना एक न्हावी नेमावा. तो मुका असला तरी निर्जीव नसावा. वस्तरा पट्ट्यावर फिरवताना त्याचा हात थांबतो की थांबत नाही, हे ठरवणे दिग्दर्शकाचे काम आहे. फणेरपेटी त्या वेळी कुठे असेल? आम्हाला वाटते, तिथेच, कोनाड्यात, झाकण मिटलेली. ती उचलून आत न्यायला अजून कोणाला सवड झालेली नसते.