लग्नचौकातली फणी

१/ वारली चित्र म्हटले की तारप्याभोवतीचा नाच डोळ्यांसमोर येतो. या कलेचे मूळ मात्र लग्नचौकात आहे.

२/ डहाणू-तलासरीच्या पाड्यांत लग्नाआधी सवाशिणी गेरू लावलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. मधोमध पालघट देवी. तिच्याजवळ सूर्य, चंद्र, फणी आणि शिडी. चौकाबाहेर झाडे, पशुपक्षी, कधी वाघही.

३/ फणी घरातली, वाघ रानातला. दोघेही एकाच पांढऱ्या रेषेतून उमटतात. नवा संसार रानाच्या साक्षीनेच उभा राहतो.

४/ १९७० च्या दशकात ही कला कागदावर उतरली आणि पुरुषही चित्रे काढू लागले. जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिणाऱ्या सवाशिणींची नावे मात्र इतिहासात फारशी नोंदली गेली नाहीत.