घडीचे वस्त्र

तोरणा-राजगडाचा इतिहास आपण तलवारीने मोजतो; भोर-वेल्ह्याच्या पावसात गुरे राखणाऱ्याच्या घोंगडीची दखल मात्र आम्ही घेत नाही. अंगाप्रमाणे होणारे वस्त्र ही यंत्रयुगाची देणगी, असा समज आहे. 1589 साली इंग्लंडात विल्यम लीने मोजे विणण्याचे यंत्र केले. त्या विणीचे फासे ताणत. 1958 साली अमेरिकेत जोसेफ शिव्हर्सने ताणणारा स्पॅन्डेक्स धागाच शोधला. धनगरी घोंगडी ताणत नाही; तिची खोळ केली की ती लहानथोर कोणालाही बसते. लोकर बराच ओलावा शोषूनही ऊब राखते. चिंचोक्याच्या खळीने वीण घट्ट होते. ताणाचा धागा कालांतराने सैलावतो. घडी रोज नवी घालता येते. गडांच्या इतिहासात या घडीलाही एक पान हवे, असे आम्हांस वाटते.