जखमेचे मोजमाप

प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाच्या फौजेचा मोड झाल्यावर शिवाजी महाराजांनी जायबंदी लोकांना जखमेच्या मानाने पंचवीस होनांपासून दोनशे होनांपर्यंत रक्कम दिली, अशी नोंद कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत आहे. पडलेल्यांच्या मुलांना चाकरीत घेतले गेले आणि मुलगा नसेल तिथे विधवेला निम्मे वेतन चालू ठेवले, असेही ही बखर सांगते. महाराष्ट्रात लढाईतून येणाऱ्या अपंगत्वाचा इतिहास लिहायचा तर या नोंदीपासून सुरुवात करणे सोयीचे आहे. जखम सरकारने पाहायची, तिची प्रत ठरवायची आणि त्या प्रतीप्रमाणे मोबदला द्यायचा, ही आजच्या लष्करी पेन्शनमागची कल्पना तिच्यात आधीच दिसते.

पेशवाईत ही रीत दप्तरी झाली. रणात पडलेल्यांच्या मुलाबाळांच्या पोषणासाठी दिलेल्या नेमणुकीला बालपरवेशी म्हणत आणि कामगिरी मोठी असेल तर जमीन इनाम मिळे. पण ही सगळी व्यवस्था ज्याचे नाव हजेरीपटावर आहे त्याच्यासाठी होती. फौजेबरोबर चालणारे भिस्ती, बैलवाले, बाजारबुणगे किंवा वाटेत लुटल्या गेलेल्या गावातला पांगळा म्हातारा यांची सोय कुठल्याच यादीत नव्हती. स्वारी आली की गाव परागंदा होई. ज्याला पळता येत नसे त्याचे काय झाले, हे दप्तर सांगत नाही.

हुद्दा मोठा असेल तर अपंगत्व आड येत नसे, याचे मराठ्यांच्या इतिहासातले ठळक उदाहरण महादजी शिंदे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपताहून माघार घेताना त्यांच्या पायावर घाव बसला आणि राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना वाचवले. पाय कायमचा अधू झाला. त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ महादजींनी उत्तरेतले राजकारण चालवले आणि १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीला त्यांचा मृत्यू झाला. राणेखानाला त्यांनी भाऊ मानले आणि मोठ्या पदाला चढवले. पानिपतावरून लंगडत परतलेल्या साध्या शिपायांच्या वाट्याला काय आले, हे शोधायला गेले तर हाती फारसे लागत नाही.

इंग्रजी अमलात जखमेला नियमावली आली. कंपनी सरकारने नोकरीस निकामी ठरलेल्या शिपायांना पेन्शन देण्याची पद्धत रुजवली. मुंबई इलाख्यात त्याची खूण कोकणात दिसते. १८१८ नंतर दापोली हे दक्षिण कोकणाचे लष्करी ठाणे झाले. पुढे नियमित फौज हलवल्यावर तिथे वय झालेल्या आणि अधू झालेल्या शिपायांची पलटण काही वर्षे ठेवलेली होती. गावाला आजही ‘कॅम्प दापोली’ म्हणतात. रत्नागिरीच्या महार आणि मराठा कुटुंबांतून पलटणीत गेलेले पेन्शनर याच भागात वसले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ यांचे कुटुंबही निवृत्तीनंतर काही काळ दापोलीत राहिले. पेन्शनीमुळे घरात दरमहा रोख पैसा येई आणि त्या काळच्या कोकणात ती लहान गोष्ट नव्हती. मात्र पेन्शन म्हणजे पुन्हा काम मिळणे नव्हे. पाय गेलेल्या शिपायाने उरलेले आयुष्य ओटीवर काढावे, एवढेच त्या व्यवस्थेत गृहीत होते.

हे गृहीत पहिल्या महायुद्धाने मोडले. हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली आणि ६० हजारांहून अधिक जखमी झाली. फ्रान्समधून आलेल्या जखमींसाठी इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या राजवाड्यात इस्पितळ उघडले गेले. त्याची छायाचित्रे साम्राज्याने प्रचारासाठी भरपूर वापरली. शिपायांच्या पत्रांतली तक्रार वेगळी होती: जखम जेमतेम भरली की माणसाला पुन्हा खंदकात पाठवतात. म्हणजे जखमेचे मोजमाप इथेही होत होते, पण मोजणाऱ्याचा पहिला प्रश्न ‘हा पुन्हा लढू शकेल का’ असा होता.

महाराष्ट्राला या युद्धाची झळ बसली ती मुख्यतः मेसोपोटेमियात. सहाव्या, म्हणजे पूना डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनच्या लढाईनंतर हजारो जखमींना टायग्रिस नदीतून बोटींवर कोंबून बसऱ्याला आणले गेले. दिवसचे दिवस ना पट्टी बदलली गेली, ना पुरेसे पाणी मिळाले. या हलगर्जीपणावर पुढे चौकशी आयोग बसला आणि १९१७ मध्ये त्याचा अहवाल निघाल्यावर लंडनच्या पार्लमेंटात गदारोळ झाला. ती डिव्हिजन स्वतः कूत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकून २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली. मेसोपोटेमियातले जखमी मुंबई बंदरात उतरत. शहरातल्या मोठ्या इमारती इस्पितळांसाठी घेतल्या गेल्या. नुकतीच बांधून झालेली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची वास्तूही त्यात होती.

याच मुंबईत १९१७ मध्ये गव्हर्नरांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने अपंग हिंदी शिपायांसाठी क्वीन मेरी टेक्निकल स्कूल सुरू झाले. काही वर्षांनी ते खडकीला हलले आणि आजही तिथेच आहे. तिथे शिपायाला पैसे किंवा जमीन देण्याऐवजी हातात कसब देण्याचा विचार होता. एक पाय गेलेला माणूस बसून शिवणकाम करू शकतो, यंत्र चालवू शकतो, फिटर होऊ शकतो. ‘निकामी’ हा लष्करी शेरा आणि ‘बेकाम’ ही अवस्था यांत फरक आहे, हे संस्थेच्या रूपाने मान्य झाले. अर्थात साम्राज्याची त्यामागे स्वतःची गरजही होती: अपंग होऊन गावी परतलेला शिपाई भीक मागताना दिसला तर पुढची भरती अवघड होते. दया आणि हिशेब इथे बरोबरच चालत होते, आणि तसे असल्याने संस्थेचे मोल कमी होत नाही. उणीव दुसरीकडे होती. खेचरवाले, डोलीवाले, मजूर तुकड्यांतली माणसे त्याच गोळीबारात जखमी होत, पण लढवय्या शिपायापेक्षा त्यांचा दर्जा खालचा आणि पेन्शनही कमी असे.

दुसऱ्या महायुद्धात हिंदी फौज पंचवीस लाखांपर्यंत वाढली आणि पुण्याचे महत्त्व त्याबरोबर वाढले. मुंबई बंदराशी रेल्वेने जोडलेले, कोरड्या हवेचे, लष्करी इस्पितळे आधीपासून असलेले हे ठाणे. १९४४ मध्ये इथे कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. पुणेकर त्याला ‘लिंब सेंटर’ म्हणतात. ते वानवडी परिसरात आहे, महादजींच्या छत्रीपासून फार दूर नाही. कृत्रिम पाय बसवणे हे निम्मे वैद्यकाचे आणि निम्मे कारागिराचे काम आहे. पाय कापल्यावर उरलेला भाग महिनोन्‌महिने आकार बदलतो, आखडतो. त्याच्या मापाची खोबण नीट बसली नाही तर कातडी सोलवटते आणि माणूस पाय काढून कोपऱ्यात ठेवून देतो. म्हणून शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर, माप घेणारा कारागीर आणि चालायला शिकवणारा माणूस एका छपराखाली असणे आवश्यक ठरते. युद्ध संपल्यावरही केंद्र चालू राहिले आणि सैनिकांबरोबर अपघात वा आजारात अवयव गमावलेल्या नागरिकांनाही त्याचा उपयोग होऊ लागला.

डोळे गमावलेल्यांसाठीची वाट डेहराडूनला गेली. १९४३ मध्ये तिथे लंडनच्या सेंट डन्स्टन्सच्या धर्तीवर युद्धात अंध झालेल्या सैनिकांचे वसतिगृह निघाले. त्याचे प्रमुख क्लूथा मॅकेन्झी यांची स्वतःची दृष्टी गॅलिपोलीच्या लढाईत गेली होती. स्वातंत्र्यानंतर सरकारने ही जागा ताब्यात घेऊन प्रौढ अंधांचे प्रशिक्षण केंद्र केले आणि १९५१ मध्ये तिथे ब्रेल छापखाना निघाला. त्याच वर्षी भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल स्वीकारली गेली आणि त्या कामातही मॅकेन्झींचा सहभाग होता. आज मराठी मुले ज्या ठिपक्यांवर बोटे फिरवून वाचतात, त्यामागे हे युद्धकालीन वसतिगृहही आहे.

पाठीच्या कण्याला गोळी लागलेल्यांचा प्रश्न यापेक्षा अवघड होता. पहिल्या महायुद्धात असे बहुतेक जखमी लवकरच मरत. गोळीने नव्हे, तर अंथरुणावर पडून होणाऱ्या व्रणांनी आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने. १९४४ मध्ये इंग्लंडच्या स्टोक मँडेव्हिल इस्पितळात लुडविग गुटमन या जर्मनीतून परागंदा झालेल्या ज्यू डॉक्टरने नवी शिस्त घातली: रात्रंदिवस दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची, मूत्राशयाची कसोशीने निगा राखायची आणि शक्य तितक्या लवकर त्याला खेळायला लावायचे. १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या सुमारास त्याने सोळा रुग्णांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. पॅरालिंपिकचा उगम तोच.

याच पॅरालिंपिकपर्यंत पोचलेले सांगली जिल्ह्यातील पेठचे मुरलीकांत पेटकर हे लष्कराच्या ईएमई या तांत्रिक विभागातले मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या आणि कण्याजवळची गोळी कायमची राहिली. मुंबईच्या नौदल इस्पितळात उपचाराचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरवले गेले. १९६८ च्या तेल अवीव पॅरालिंपिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात ३७.३३ सेकंदांच्या जागतिक विक्रमासह त्यांनी भारताचे पॅरालिंपिकमधले पहिले सुवर्ण जिंकले. त्यांच्या प्रवासासाठी क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी मदत केली होती. पुढे त्यांनी पुण्यात टेल्कोत नोकरी केली. पद्मश्री मिळाली ती २०१८ साली, सुवर्णपदकानंतर ४६ वर्षांनी. जखमेची टक्केवारी ठरवायला ज्या व्यवस्थेला काही आठवडे पुरतात, तिला कर्तृत्वाची दखल घ्यायला अर्धे आयुष्य लागले.

१९७१ च्या युद्धानंतर, १९७४ मध्ये, खडकीला पक्षाघातग्रस्त सैनिकांचे पुनर्वसन केंद्र उभे राहिले. कमरेखालची हालचाल गेलेले आणि मानेखाली काहीच न हलणारे जवान तिथे वर्षानुवर्षे राहतात. काही जण व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळतात, काहींनी तोंडात कुंचला धरून चित्रे काढली. त्याच युद्धात मुंबईत जन्मलेले गुरखा पलटणीचे मेजर इयान कार्डोझो यांचा पाय सिल्हेटजवळ सुरुंगावर पडला. चिंधड्या झालेला पाय त्यांनी खुकरीने स्वतः तोडला आणि पुढची शस्त्रक्रिया कैदेत असलेल्या एका पाकिस्तानी सर्जनने केली. कृत्रिम पायावर त्यांनी पलटणीचे आणि नंतर ब्रिगेडचे नेतृत्व मिळवले. त्यासाठी त्यांना आधी स्वतःच्याच लष्कराशी झगडावे लागले. पुढे ते भारतीय पुनर्वसन परिषदेचे अध्यक्ष झाले.

कार्डोझोंसारख्यांचे पाय घेणारे हत्यार सैनिक आणि शेतकरी यांत भेद करत नाही. माणूस मारण्यापेक्षा जायबंदी करणे हाच पायदळविरोधी सुरुंगाचा हेतू असतो, कारण एका जखमीला उचलायला आणखी दोघे-तिघे गुंततात. २००१-०२ मध्ये सीमेवर फौजा समोरासमोर उभ्या असताना पंजाब, राजस्थान आणि जम्मूच्या शेतांत सुरुंग पेरले गेले आणि गावकऱ्यांचेही पाय गेले. अशा माणसाला लष्करी पेन्शन नसते. त्याला आधार मिळाला तो जयपूर फूटचा. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास घडवलेल्या या रबरी पायाने अनवाणी चालता येते, उकिडवे बसता येते, चिखलात उतरता येते. युद्धग्रस्त अफगाणिस्तानातही तो पोचला. सुरुंगांवर बंदी घालणारा ओटावा करार १९९७ मध्ये झाला; भारताने त्यावर सही केलेली नाही.

सैनिकाचे मोजमाप मात्र अधिकाधिक बारीक होत गेले. आज वैद्यकीय मंडळ अपंगत्वाची टक्केवारी ठरवते. वीस टक्क्यांखाली ते गेले तर सेवेच्या शेवटी सहसा अपंगत्वाचे पेन्शन मिळत नाही. युद्धातली जखम आणि सेवेतली जखम यांचे दर वेगळे आहेत. २००९ मध्ये सुरू झालेल्या सशस्त्र दल न्यायाधिकरणासमोर येणाऱ्या प्रकरणांत या टक्क्यांवरचे वाद सातत्याने असतात. पंचवीस होन की पन्नास, हा तंटा सभासदाच्या काळीही झाला असेलच.

आधीपासून अपंग असलेल्या आणि नंतर युद्धात सापडलेल्या नागरिकाकडे कायद्याने पाहायला फार उशीर केला. सायरन ज्याला ऐकू येत नाही, तळघराच्या पायऱ्या ज्याला उतरता येत नाहीत, त्याचा विचार संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंगांच्या हक्कांच्या कराराच्या अकराव्या कलमात आला. भारताने तो करार २००७ मध्ये मान्य केला. जून २०१९ मध्ये सुरक्षा परिषदेने सशस्त्र संघर्षातील अपंग व्यक्तींविषयी २४७५ क्रमांकाचा पहिला स्वतंत्र ठराव केला. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचे आठवे कलम सशस्त्र संघर्षाच्या काळात दिव्यांगांना समान संरक्षण देण्यास सांगते. जिल्ह्यातल्या दिव्यांग व्यक्तींची नोंद आधीच ठेवणे आणि धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोचवणे ही जबाबदारी त्या कलमाने जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणावर टाकली आहे.