व्हीआर हेडसेटमध्ये कमी दिसलं की लक्षात कमी का राहतं?

कर्जत तालुक्यातल्या माथेरानला, पॅनोरमा पॉइंटवर उभे राहा. खाली नेरळ, भोवती डोंगररांगा, सगळं एका नजरेत मावतं. आता दोन्ही मुठींची दुर्बीण करून तोच देखावा पाहा. दरी तीच, पण आता सारखी मान फिरवावी लागते आणि मघाशी डावीकडे काय होतं, हे लक्षात ठेवावं लागतं. व्हीआर हेडसेट घातल्यावर थोड्याफार प्रमाणात हेच घडतं.

दृष्टिक्षेत्र म्हणजे काय?
मान न हलवता एका वेळी जेवढा भाग दिसतो, ते आपलं दृष्टिक्षेत्र. ते अंशांत मोजतात. दोन्ही डोळे मिळून माणसाला आडवं सुमारे २०० अंश दिसतं. 'मेटा क्वेस्ट ३' या हेडसेटमध्ये ते ११० अंश आहे. म्हणजे दोन्ही बाजूंना झापडं लावल्यासारखंच!

याचा स्मरणशक्तीशी काय संबंध?
नजरेच्या कडेने वाचता येत नाही, पण 'तिकडे काहीतरी आहे' एवढं कळतं. त्यामुळे पुढे कुठे पाहायचं, हे मेंदूला आपोआप समजतं. ही कड कापली गेली की जागेचा नकाशा तुकड्यातुकड्यांनी मनात जुळवावा लागतो. आणि मेंदू एका वेळी जेमतेम चार-पाच गोष्टी ताज्या धरून ठेवू शकतो.

१९९० साली अल्फानो आणि मिशेल या संशोधकांनी लोकांना ९, १४, २२ आणि ६० अंशांचे गॉगल घालून चालायला, वस्तू उचलायला आणि खोलीची रचना लक्षात ठेवायला लावलं. सर्वांत अरुंद गॉगलमध्ये सर्वाधिक गोंधळ उडाला.

हा ताण मोजतात कसा?
'नासा-टीएलएक्स' ही १९८८ साली प्रसिद्ध झालेली प्रश्नावली त्यासाठी सर्रास वापरतात. डोक्याला किती ताण पडला, शरीराला किती, घाई किती झाली, काम कितपत जमलं, कष्ट किती पडले आणि वैताग किती आला, असे सहा मुद्दे त्यात असतात.

मग जितकं रुंद तितकं चांगलं?
नाही. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या २००२ मधल्या प्रयोगात ६० ते १८० अंशांचे पडदे वापरले. दृष्टिक्षेत्र वाढलं तसं 'आपण खरंच तिथे आहोत' असं जास्त वाटलं, पण मळमळही वाढली. १४० अंशांनंतर दोन्हींत फारसा फरक पडला नाही.

मळमळ का होते? डोळे सांगतात 'आपण पळतोय', कान सांगतात 'बसलोय'. खोपोलीजवळच्या इमॅजिकातली 'आय फॉर इंडिया' राइड आठवा. समोर भलामोठा वक्र पडदा, पाय अधांतरी. पण चित्राबरोबर खुर्चीही हलते. घरचा सोफा हलत नाही! म्हणूनच काही व्हीआर गेम्समध्ये वेगाने पुढे जाताना कडा मुद्दाम काळ्या करतात. कोलंबिया विद्यापीठातल्या २०१६ च्या प्रयोगात या युक्तीने त्रास कमी झाल्याचं दिसलं.

तुम्ही काय कराल?
हेडसेट डोळ्यांच्या जितका जवळ बसेल, तितकं रुंद दिसतं. नव्या दृश्यात शिरल्यावर आधी मान फिरवून चौफेर पाहून घ्या. आणि आग लागल्यावर बाहेर कसं पडायचं, असं प्रशिक्षण व्हीआरवर घेतलं असेल, तर एकदा त्याच इमारतीत हेडसेटशिवाय चालून बघा. बाजूचा दरवाजा चौकटीबाहेर राहिला असेल, तर तो ऐनवेळी आठवणार कसा?