दिवेलागण, परवचा आणि कर्जाचा कागद

१/ देवापुढे दिवा लागला, की पांढरपेशा आणि व्यापारी घरांतील मुले वडीलधाऱ्यांसमोर बसून परवचा म्हणत. आधी शुभंकर श्लोक, मग पाढे. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात गणिताची पहिली शाळा पुष्कळदा घराच्या ओसरीवरच भरे. या शाळेत कोण बसे आणि कोण बसू शकत नसे, हा इतिहास सावकाराच्या दप्तरापर्यंत जाऊन पोहोचतो.

२/ अक्षरओळख धूळपाटीवर होई. फळीवर धूळ पसरून मूल अक्षरे गिरवी. आरंभाला आपण ‘ओनामा’ म्हणतो, तो ‘ॐ नमः सिद्धम्’ या पहिल्या धड्याचाच अपभ्रंश. बालबोध लिपीबरोबर मोडीही शिकावी लागे, कारण खते, पत्रे आणि हिशेब मोडीत लिहिले जात.

३/ पूर्णांकांचे पाढे झाले, की अपूर्णांकांचे पाढे येत: पावकी (¼), निमकी (½), पाऊणकी (¾), सवायकी (१¼), दिडकी (१½), अडीचकी (२½) आणि औटकी. औट म्हणजे साडेतीन.

४/ एवढा खटाटोप कशासाठी? रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, पैशाच्या ३ पै. मणाचे ४० शेर. शेराला दीड आणा दराने १३ शेर धान्य घेतले, तर दिडकी सांगे: साडेएकोणीस आणे. म्हणजेच १ रुपया, ३ आणे, २ पैसे. ना कागद, ना लेखणी. हिशेब जिभेवर तयार असे.

५/ पण शिकवणारा घरात असेल, तरच हे धन मुलाला मिळे. मुलींच्या वाट्याला ते क्वचितच आले. ज्या शेतकऱ्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कोणालाच अक्षर ठाऊक नव्हते, तिथे दिवेलागणीला पाढे म्हणवून घेणार कोण?

६/ असा शेतकरी कर्जरोख्यावर नांगराची निशाणी करी. रक्कम किती लिहिली, व्याज कोणत्या दराने लावले, हे तो वाचू शकत नसे. समोरच्याच्या शब्दावर विश्वास ठेवणे एवढेच त्याच्या हाती होते.

७/ मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उठाव झाला आणि पाहता पाहता तो इतर गावांत पसरला. शेतकऱ्यांचा मुख्य रोख होता कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या यांवर. त्यांनी ते कागद हिसकावून जाळले. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने शेतकऱ्यांचे दस्तऐवज गावच्या निबंधकासमोर लिहिण्याची तरतूद केली. न वाचता येणाऱ्या कागदाचा धोका सरकारलाही मान्य करावा लागला.

८/ १८८२ मध्ये जोतीराव फुले यांनी हंटर आयोगाला निवेदन दिले. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती. अभ्यासक्रमात त्यांनी मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान सुचवले. काही मोजक्या घरांत मुलांना जे वारशाने मिळत होते, ते फुले सर्वांच्या मुलांसाठी मागत होते.

९/ १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे १०० नये पैसे झाले. त्यामागोमाग मेट्रिक वजने आली आणि पावकी-औटकीची गरज सरली. ‘दीड’, ‘अडीच’ हे शब्द मात्र भाषेत टिकले. आणि टिकला एक प्रश्नही: ज्या घरात शिकवणारे कोणी नाही, तिथल्या मुलाचे पाढे कोण घेणार?