आलं का? आलं! : अँटेनापासून डिशपर्यंत

आजचा भाग गच्चीवरून ओरडलेल्या एका प्रश्नाचा आहे. "आलं का?" खालून उत्तर यायचं, "आलं, आलं... गेलं! परत फिरव!"

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. पण टीव्हीच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. मुंबईचं चित्र परभणीला थेट कसं पोचणार? 1983 मध्ये इन्सॅट-1बी अवकाशात गेला आणि गणित बदललं. कार्यक्रम उपग्रहावरून ठिकठिकाणच्या टॉवरवर उतरायचा, टॉवरवरून घरच्या अँटेनात. परभणी जिल्ह्याच्या दक्षिणेला, सोनपेठ-गंगाखेडकडे, जवळचा मोठा टॉवर अंबाजोगाईचा.

त्या अॅनालॉग टीव्हीची एक गोष्ट मला फार आवडते. बिघाड काय आहे ते तो स्वतःच सांगायचा. पडद्यावर मुंग्या आल्या, तर सिग्नल कमजोर. वाऱ्याने अँटेना फिरली असेल, नाहीतर वायर सुटली असेल. एका माणसाशेजारी त्याचंच फिकट भूत दिसलं, तर लहर पाण्याच्या टाकीवर किंवा इमारतीवर आपटून उशिरा येतेय. शाळेतलं पोरगंही हे ओळखायचं.

डिजिटलमध्ये तसं नाही. सिग्नल कमी होत गेला तरी चित्र चकाचक. मग अचानक चौकोन फुटतात आणि पडदा काळा! इशारा मिळतच नाही.

25 फेब्रुवारी 2016 ला दूरदर्शनने अँटेनावरचं डिजिटल प्रसारण 16 शहरांत सुरू केलं. त्यात मुंबई आणि औरंगाबाद होतं, परभणी नव्हतं. पुढे 2022 पर्यंत देशातले बहुतेक अॅनालॉग ट्रान्समीटर बंद झाले. म्हणजे जुनं गेलं आणि नवं इथवर आलंच नाही. ती जागा डीडी फ्री डिशने भरली. महिन्याचं भाडं नाही, रिचार्ज नाही. ज्या घरात डेटा पॅक परवडत नाही, तिथे आजही बातम्या अशाच पोचतात.

म्हणून घरची डिश बंद पडली तर लगेच नवा बॉक्स घेऊ नका. जोराचा पाऊस असेल तर थांबा. नाहीतर आधी एलएनबीची पिन बघा. मग डिशसमोर झाडाची फांदी वाढलीय का ते. शेवटी दिशा: परभणीहून तो उपग्रह बरोबर आग्नेयेला आहे. बॉक्सच्या मेनूत सिग्नलची पट्टी उघडा आणि डिश अगदी केसभर हलवा.

फक्त खाली कुणाला तरी बसवा. प्रश्न अजून तोच आहे: "आलं का?"

भेटू पुढच्या भागात!